पाणी ओळखीचे राहिले नाही

दिवाळीच्या सुटीत बहिणीची मुले पुण्याहून दौंडला आली की त्यांचे हट्ट ठरलेले असतात. लहान होती तेव्हा जंक्शनवर नेऊन इंजिने दाखवली की भागत असे. या वेळी थोरल्याने जाहीर केले, ‘‘मामा, एक अख्खा दिवस पाण्यावर. होडीत बसायचे, पोहायचे आणि तिथेच जेवायचे.’’ शिरूरहून चुलतभावाची मुले येणार, माझी दोन, शिवाय आई. असा दहा-बारा जणांचा गोतावळा. बेत आखण्याचे काम माझ्याकडे आले. मी वही घेऊन बसलो. अर्ध्या तासात जागा ठरेल, डब्यात काय न्यायचे एवढाच प्रश्न उरेल, अशी माझी कल्पना होती. ती वही पुढे पंधरा दिवस मिटली नाही.

जागांचा तोटा होता असे नव्हे. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके अवर्षणप्रवण. वर्षाकाठी पाऊस पडतो तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पण पाण्याची यादी करायला बसले तर पान पुरत नाही. दोन्ही तालुक्यांच्या मधून वाहणारी भीमा, रांजणगाव सांडसजवळ तिला मिळणारी मुळा-मुठा, शिरूरच्या उशाशी घोड, टाकळी हाजीला कुकडी. चिंचणीचे घोड धरण. दौंड तालुक्यात माटोबा आणि वरवंडचा व्हिक्टोरिया हे इंग्रजी अमदानीतले तलाव. खडकवासल्याहून आलेला मुठा उजवा कालवा. आणि पूर्वेला, तालुक्याच्या शेवटच्या गावांच्या शिवारापर्यंत येऊन टेकलेला उजनीचा फुगवटा. आभाळाने नाकारलेल्या मुलखात माणसाने एवढे पाणी आणून साठवले. ते उसासाठी आणले, गावांना पिण्यासाठी आणले, कारखान्यांसाठी आणले. त्याच्या काठी एखादे कुटुंब सतरंजी टाकून बसेल, मुले आत उतरतील, हा विचार ते आणताना कोणाच्या डोक्यात नव्हता. माझी वही अडली ती नेमकी इथे.

आमच्या लहानपणीची भीमा वेगळी होती. होळीनंतर पात्रात वाळूच वाळू आणि मधून गुडघाभर निवळशंख धार. खोल जागा म्हणजे एखाद-दुसरा डोह. त्याला नाव असे, त्याच्या गोष्टी असत आणि ‘त्या कडेच्या खडकापलीकडे जायचे नाही’ हे पोराटोरांना पाठ असे. पोहणे शिकायचे ते विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून काका वरून ढकलून देत आणि कमरेच्या दोराचे टोक स्वतःच्या मुठीत धरून थारोळ्यावर उभे राहत. पद्धत रासवट खरी, पण तो दोर कधी सुटला नाही. सिद्धटेकला जायचे तर दौंडहून शिरापूर गाठायचे आणि तिथून होडीने पलीकडे. आता पूल झाल्यामुळे गाडी थेट देवळापाशी जाते. त्या होडीचा नावाडी हात धरून एकेकाला आत घ्यायचा, जाड माणूस या अंगाला तर बारीक त्या अंगाला असे बसवायचा आणि काठी रेटण्यापूर्वी डोकी मोजायचा. नदीला पाणी चढलेले असेल तर सरळ नाही म्हणायचा. अष्टविनायकाला निघालेली मोठमोठी माणसे त्याच्याशी हुज्जत घालून निमूट काठावर बसलेली मी पाहिली आहेत.

ही शहाणीव पाण्याच्या ओळखीतून आलेली होती. ती ओळखच गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पुसली गेली. सोलापूर जिल्ह्यात १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले. सुमारे ११७ टीएमसी साठवणारे ते पाणी भीमेच्या पात्रातून मागे मागे सरकत आले. वरच्या अंगाला नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले. पावसाळा सरला की त्यांना ढापे टाकतात आणि वाहती नदी म्हणजे एकापुढे एक लांबट तळी होऊन बसते. वरून पाहावे तर पाणी आरशासारखे स्थिर. खाली मात्र वाळूचे ते जुने अंथरूण राहिलेले नाही. सक्शन बोटी लावून रात्री-अपरात्री वाळू उपसली जाते. महसूल खात्याची पथके आणि पोलीस येऊन त्या बोटी जिलेटिनने उडवून देतात, ही बातमी आमच्याकडे इतकी नित्याची झाली आहे की वाचणारा पान उलटतो. पण बोट उडवली तरी तिने खणलेला खड्डा नदीत तसाच राहतो. काठापासून चार पावले कमरेएवढे पाणी आणि पाचव्या पावलाला तळ नाही, अशी आजच्या भीमेची आणि घोडेची अवस्था आहे. बाहेरून आलेल्याला ते कळत नाही हे समजू शकते. आता गावातल्या माणसालाही कळत नाही. गेल्या वर्षी जिथे म्हशी बसत होत्या तिथे यंदा पुरुषभर पाणी असते.

दुसरी गोष्ट आभाळाची. आमच्याकडे पावसाळ्यात लख्ख ऊन पडलेले असते आणि नदी दुथडी वाहत असते. पाऊस पडतो तो सह्याद्रीच्या माथ्यावर. खडकवासला, पवना, चासकमान या धरणांतून सोडलेले पाणी काही तासांनी इथे येते. उजनी किती भरणार हे जोखण्यासाठी सोलापूरकर रोज ‘दौंडचा विसर्ग’ पाहतात. तो आकडा वर्तमानपत्रांतही येतो. सहलीला निघालेला दौंडकर मात्र तो पाहत नाही, डोक्यावरचे आभाळ पाहतो. उन्हाळ्यात हाच प्रकार आवर्तनाचा. वरून आवर्तन सुटले की सकाळी घोट्याएवढी असलेली धार दुपारी अंगावर येते. आवर्तनाच्या तारखा शेतकऱ्यांना तोंडपाठ असतात. सहल ठरवताना एखाद्या शेतकऱ्याला फोन करावा, हा या खटाटोपातून मला मिळालेला पहिला उपयोगाचा धडा.

होडीचा विचार सुरू झाला तसे २१ मे २०२४ ची संध्याकाळ डोळ्यांपुढून हलेना. करमाळा तालुक्यातले कुगाव आणि इंदापूर तालुक्यातली कळाशी ही उजनीच्या पाण्याने समोरासमोर आणून ठेवलेली गावे. रस्त्याने जायचे तर मोठा वळसा. म्हणून लोक होडीने जातात. त्या संध्याकाळी सात जण होडीत होते. वादळी वारे सुटले, लाटा उसळल्या आणि होडी उलटली. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला. बाकी सहा जण गेले. त्यांत एक तरुण जोडपे होते आणि त्यांची दोन लहान मुले होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान शोध घेत राहिले, काठावर दोन्हीकडची गावे बसून राहिली. त्याआधी ३० एप्रिल २०१७ रोजी याच फुगवट्यात, इंदापूर तालुक्यातल्या अजोतीजवळ, होडी उलटून चार डॉक्टर बुडाले होते. ते सहलीला आले होते. एक होडी गरजेची, एक हौशीची. पाणी तेच आणि पंचांगात महिनाही तोच, वैशाख.

वैशाखात दुपार कलली की वळवाचे ढग जमतात आणि पाऊस येण्याआधी वारा येतो. नदीत वाऱ्याला धावायला जागा नसते. उजनीत ती मैलोगणती आहे. वारा जितका लांब पाण्यावरून येईल तितकी लाट मोठी. समुद्रकाठचा कोळी हे जाणतो. आमचे मासेमार मूळचे नदीचे, आणि उजनी त्यांच्यापुढे एका पिढीत समुद्र होऊन उभी राहिली. कुगाव ते शिरसोडी पूल मंजूर झाला आहे. तो झाला म्हणजे गरजेची होडी बंद होईल. हौशीची वाढणारच आहे, आणि त्यात वावगे काही नाही. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ इथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, लोक लांबून पाहायला येतात, मासेमारांच्या घरात चार पैसे येतात. ते बंद करा असे म्हणणाऱ्यांतला मी नाही.

प्रश्न असा की या होडीवर लक्ष कोणाचे? कायदा नाही म्हणावे तर तसेही नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला. त्यात यंत्रावर चालणाऱ्या नौकेची तपासणी, नोंदणी, चालवणाऱ्याची पात्रता, विमा, जीवरक्षक साधने असे सगळे आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने होडीच्या सुरक्षिततेविषयी मार्गदर्शक सूचना २०१७ सालीच काढल्या. पण काठावर उभे राहून पाहिले की दिसते ते असे: पाणी जलसंपदा खात्याचे, मासे ठेकेदार संस्थेचे, काठ ग्रामपंचायतीचा, पक्षी वन खात्याचे, आणि माणूस बुडाला की पोलिसांचा. चौकशीसाठी मी एका कार्यालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी चहा दिला, अगत्याने बोलले आणि म्हणाले, ‘‘पाणी आमचे आहे हो, पण त्यावर कोण फिरते ते आमच्याकडे येत नाही.’’ एका काठावर, नाव सांगत नाही, होडीवाल्याला जॅकेटे आहेत का विचारले. त्याने होती तेवढी पाच काढून दाखवली. दोन बसायला उशी म्हणून वापरात होती आणि एकीचा पट्टा सुतळीने बांधलेला. तो काही खलनायक नव्हता. ‘‘कोणी मागतच नाही, साहेब,’’ असे तो म्हणाला, आणि ते खरे असावे.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल होडीत बसली आणि बारा मुले व दोन शिक्षिका बुडाल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेटे नव्हती. ठेका देऊन चालवलेले ते करमणुकीचे ठिकाण होते. म्हणजे फलक आहे, तिकीट आहे, ठेकेदार आहे, एवढ्यावर विसंबता येत नाही. देशात बुडून मेलेल्यांची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साली नोंदलेली संख्या ३८ हजारांहून अधिक आहे. आमच्या जिल्ह्यात याची चर्चा होते ती पावसाळ्यात आणि मावळ-मुळशीची. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले तेव्हा साऱ्या देशाने ती चित्रफीत पाहिली. शिरूर-दौंडचे बुडणे चित्रफितीत येत नाही. ते कालव्यावर, बंधाऱ्यावर, शेततळ्यात एकेकटे घडते आणि आतल्या पानावर चार ओळींत संपते.

शेततळ्याबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण आमच्या शिरूरच्या मुलांची पहिली मागणी तीच होती. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली आणि माळरानावर निळी-काळी चौकोनी तळी चमकू लागली. पोरांना तो घरचा जलतरण तलाव वाटतो. तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो. तो ओला झाला, त्यावर शेवाळ धरले की त्याच्यावर पाय ठरत नाही आणि हाताला धरायला काही नसते. पोहता येणारा माणूससुद्धा त्यातून बाहेर येऊ शकत नाही. काठ दोन हातांवर असतो आणि माणूस दमून बुडतो. ज्यांच्या रानात तळे आहे त्यांनी चारी बाजूंनी गाठी मारलेला दोर आत सोडून तो वर खुंट्याला पक्का बांधावा, एक टायरची ट्यूब कायम तरंगत ठेवावी आणि कुंपणाला कुलूप लावावे. चुलतभावाने हे ऐकून त्याच दिवशी दोर सोडले. या बेतातून निष्पन्न झालेले ते पहिले काम.

अस्तर केलेल्या कालव्याचे तेच. उतार गुळगुळीत, वर पाण्याला ओढ, आणि पुढे कुठे तरी मोरी. बंधाऱ्यावर ढाप्यांच्या फटीकडे पाणी ओढले जाते आणि खालच्या बाजूला पाणी पडते तिथे भोवरा असतो. टाकळी हाजी-निघोजचे रांजणखळगे पाहायला न्यायचे हे नक्की केले, पण पाहायलाच. कुकडीने दगडगोटे फिरवून फिरवून काळ्या पाषाणात कोरलेले ते रांजण मुलांनी पाहिलेच पाहिजेत. मात्र ज्या घासण्याने ते इतके सुंदर गुळगुळीत झाले, त्यानेच आत घसरलेल्याला वर यायला बोटभर आधार ठेवलेला नाही. कडेपासून दहा पावले मागे, चपला रबरी तळाच्या, छायाचित्रासाठी कोणी पुढे जायचे नाही. धरणे आणि तलाव उरले. माझ्या पाहण्यात या दोन तालुक्यांत कुठल्याही धरणावर दोर लावून आखलेली, तळ तपासलेली, जीवरक्षक बसवलेली पोहण्याची जागा नाही. ‘पोहण्यास सक्त मनाई’ हा फलक सगळीकडे आहे, आणि त्याच्याच खांबाला कपडे टांगून पोरे पोहत असतात. मनाई करणे स्वस्त पडते. चार वाव लांबीची उथळ जागा आखून उन्हाळ्याचे दोन महिने तिथे एक माणूस बसवणे एखाद्या ग्रामपंचायतीला न परवडणारे आहे असे मला वाटत नाही.

शेवटी मी बेताचे दोन तुकडे केले. एकाच दिवशी, एकाच पाण्यात होडीही आणि पोहणेही, हा हट्ट सोडून दिला. मुले नाराज झाली. आईने मात्र, ‘‘बरे झाले,’’ एवढेच म्हटले.

होडीचा दिवस जानेवारीतला रविवार. तोवर उजनीचे पाणी थोडे उतरते आणि पक्षी येतात. पहाटे निघायचे, सूर्य वर येता येता होडीत बसायचे आणि ऊन चढायच्या आत काठाला. होडीवाल्याला ‘किती माणसे बसतात’ असे विचारायचे नाही. ‘जॅकेटे किती’ असे विचारायचे. जेवढी जॅकेटे तेवढी माणसे, बाकीची दुसऱ्या फेरीला. जॅकेट घातले की खांद्याला धरून वर ओढून पाहायचे. हनुवटी आत गेली तर ते मोठे आहे. मोठ्या माणसाच्या जॅकेटातून लहान मूल पाण्यात खाली निसटते. धाकट्या दोघांसाठी पायांतून पट्टा असलेली लहान मापाची जॅकेटे मी विकतच घेतली. फुगवायच्या रंगीत ट्यूबा खेळणी आहेत, त्या घरी. होडीत कोणी उभे राहायचे नाही, एका बाजूला रोहित उडाले म्हणून सगळ्यांनी त्या बाजूला झुकायचे नाही. वारा सुटला तर खाली तळाशी बसायचे. होडी उलटलीच तर तिलाच धरून राहायचे. उलटी होडी सहसा तरंगते. कळाशीच्या त्या अधिकाऱ्याचे पोहत काठ गाठणे असामान्य होते, त्यावरून आपला हिशेब बांधू नये. आणि परत काठाला लागताना उजनीच्या गाळात उडी मारायची नाही. गुडघ्यापर्यंत रुतलेला पाय निघता निघत नाही.

पोहण्याचा दिवस उन्हाळ्यात, आणि तोही मुले शिकल्यानंतर. थोरल्या भाच्याला ‘येते’ असे म्हणायची सवय आहे. पुण्याच्या तलावात कडेला धरत धरत एक लांबी कापणे म्हणजे पोहता येणे नव्हे. मार्चपासून चौघांना शिकवणीला घालायचे ठरले आहे. तिथे मोठ्यांपैकी एक जण राखणदार. अर्धा तास त्याने फक्त पाण्याकडे पाहायचे. फोन नाही, पत्ते नाहीत, गप्पा नाहीत. मग दुसरा. दहा मोठी माणसे काठावर असताना मूल बुडते ते प्रत्येकाला दुसऱ्याचे लक्ष आहे असे वाटल्यामुळे. आणि बुडणारा हात हलवून ओरडतो हे सिनेमातले. तो ओरडू शकत नाही, कारण त्याला श्वासच पुरत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, आवाज नाही, आणि मिनिटाभरात सगळे शांत.

त्याच्या मागे उडी घेणारा दुसरा आणि त्याच्या मागे तिसरा बुडतो. आमच्याकडच्या बातम्यांत ‘वाचवायला गेलेला भाऊही’ हे शब्द किती वेळा येतात! उडी घेण्याआधी काही तरी फेकायचे. जुन्या बायकांना हे ठाऊक होते. नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटर भरते. घाटावर धुणे धुणाऱ्या बाईने लुगड्याचे टोक फेकून मूल ओढून काढल्याच्या गोष्टी आमची आजी सांगे. आता काठावर लुगडे कोणाच्या हाताशी नसते. म्हणून गाडीत वीस मीटर दोर आणि झाकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा जार.

बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, पोटावर घेऊन गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे अजून गावोगाव चालते. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी घशात येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते. श्वास बंद असेल तर उताणे निजवून, मान किंचित मागे करून, नाक दाबून आधी तोंडाने पाच श्वास द्यायचे, मग छातीच्या मध्यावर तीस दाब आणि दोन श्वास, असे १०८ ची गाडी येईपर्यंत. हे वाचून येत नाही. जवळच्या रुग्णालयात कोणी शिकवत असेल तर घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्यावे. मी आणि भाचीने नाव घातले आहे.

जानेवारीची तारीख होडीवाल्याशी बोलून ठेवली आहे. त्याने बारा जॅकेटे जमवतो असे कबूल केले, आणि पुन्हा फोन करून ‘‘लेकरं किती वर्षांची?’’ असे आपणहून विचारले. वारा असेल किंवा जॅकेटे कमी भरली तर काठावरच सतरंजी टाकायची. त्यासाठी शेजाऱ्यांकडून दुर्बीण मागून आणली आहे. ती मुलांनी आत्ताच ताब्यात घेतली असून गच्चीवरून जंक्शनची इंजिने पाहण्याचा कार्यक्रम सध्या जोरात चालू आहे.